किल्ली कुणाच्या हातात?



मागच्या महिन्यात या सदरात दहावी-बारावीच्या निकालांविषयी लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांचे निरोप आले. त्यातला एका आईचा निरोप मनात राहिला. "ताई, मार्कांचं टेन्शन संपलं, आता पार्ट्यांचं सुरू झालंय. मुलगा मित्रांबरोबर दमणला जाऊन येतो म्हणतो. सतरा वर्षांचा आहे. नाही म्हटलं तर रुसतो, हो म्हटलं तर मला झोप लागणार नाही. काय करू?"

आज त्याच प्रश्नाविषयी बोलू या. विषय जरा कडू आहे: अठराच्या आतली मुलं, दारू आणि गाडी.

"पण आपल्याकडे तर दारूबंदी आहे!" असं तुमच्यापैकी काही जण लगेच म्हणतील. खरंच आहे. जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १ मे १९६० ला गुजरात वेगळा झाल्यावरही इथे कायम राहिला. महाराष्ट्रातून सुरतेत येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी घरांतल्या बायकांना या कायद्याचं मोठं समाधान वाटतं. कोपऱ्यावर दुकान नाही, रस्त्यात उघड पिणारा दिसत नाही, यात सुख आहेच.

पण नकाशा पाहा. सुरतेहून महामार्गाने दक्षिणेला नवसारी, वलसाड, वापी करत गेलं की शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दमण. पूर्वेला बारडोली, व्यारा, सोनगड ओलांडलं की नवापूर. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर दोन्ही राज्यांच्या हद्दीवरच उभं आहे. तिथे फलाटावर एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. येता-जाता लोक त्यावर बसून फोटो काढतात. बाकाच्या एका टोकाला दारूबंदी आणि दुसऱ्या टोकाला नाही! मुलांना हा भूगोल आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो. दरवर्षी ३१ डिसेंबरला दमणच्या हद्दीवर वलसाडचे पोलीस श्वास तपासायची यंत्रं घेऊन उभे राहतात, ते काही उगाच नाही.

शिवाय चोरून मिळणारी दारू आहेच, आणि तिची भीती वेगळी. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि आसपासच्या गावांत विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसं गेली. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल त्यांच्या पोटात गेलं होतं. बाटलीत काय आहे हे पिणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो.

म्हणजे कायदा आहे म्हणून आपलं घर सुरक्षित, असं मानून चालत नाही. उलट एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. "आपल्याकडे बंदीच आहे" या समाधानात आपण मुलांशी दारूविषयी कधी बोलतच नाही. पुण्या-मुंबईतल्या आईबापांना निदान हा विषय टाळता येत नाही. आपल्याला टाळता येतो.

आता पुण्याचा विषय निघालाच आहे, तर त्या घटनेविषयी बोलू. १९ मे २०२४ ची पहाट, अडीचच्या सुमाराची वेळ, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या पोर्शे गाडीने एका मोटारसायकलला मागून उडवलं. मोटारसायकलवरचे दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गेले. दोघंही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीसाठी आलेले इंजिनिअर. गाडी चालवणारा मुलगा त्याआधी मित्रांबरोबर दोन ठिकाणी पार्टी करून आला होता आणि तिथे तो दारू प्यायला, असं पोलिसांचं म्हणणं. काही तासांतच बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट होती, अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा. त्या निबंधावरून देशभर किती संताप झाला ते आपल्याला आठवत असेल.

निबंधाचीच चर्चा इतकी झाली की बाकीच्या गोष्टी मागे पडल्या. त्या मी पुन्हा एकदा सांगते.

गाडी कोटीच्या वर किमतीची, पण तिची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. राहिली होती ती १,७५८ रुपयांची फी. अशी बिननंबरची गाडी लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातात होती. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट एकवीस वर्षांची आहे, कडक दारूसाठी पंचवीसची. सतरा वर्षांच्या मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मालक-मॅनेजरांना अटक झाली. मुलगा गाडी चालवतच नव्हता, मी चालवत होतो, असं सांगण्यासाठी घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप वडील आणि आजोबांवर ठेवला गेला. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली आणि त्या जागी आईचं रक्त दिलं गेलं, असं पोलिसांनी न्यायालयात सांगितलं. पुढे जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने मुलाला सुधारगृहातून सोडलं आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने नाकारली. कुणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवेल. तो आपला विषय नाही.

आपला विषय हा आहे की या सगळ्या हकिकतीत मूल एकच आहे. बाकी सगळी मोठी माणसं. गाडी देणारी मोठी, पेला भरणारी मोठी, आणि आरोप खरे ठरले तर नंतर सगळं झाकायला धावलेलीही मोठीच. कुणीही एकाने वाटेत "नाही" म्हटलं असतं, तर ती दोन मुलं आज आपापल्या घरी असती.

"पोर्शे कुणाकडे असते हो? आमच्याकडे एक स्कूटर आहे," असं म्हणाल. तर आता स्कूटरविषयी.

संध्याकाळी सहा वाजता अडाजण किंवा डिंडोलीच्या कुठल्याही ट्यूशन क्लासबाहेर उभं राहून पाहा. नववी-दहावीची मुलं अ‍ॅक्टिव्हावर, एका गाडीवर तिघं, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. आपल्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालं आहे. वडील लूमवर किंवा मार्केटात, आई स्वयंपाकात, क्लास तीन किलोमीटरवर, रिक्षाचे पैसे रोजचे कोण देणार? अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. सोळाव्या वर्षी चालवता येते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही लायसन्स काढून. घरोघरी असणारी स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते, तिला अठरा वर्षं पूर्ण लागतात.

आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात एक नवं कलम आलं, १९९ अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं तो गाडी घेऊन गेला" हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकाचीच. त्यात अपघातात कुणी गेलं, तर लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली म्हणून विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. आयुष्यभर साड्यांच्या घड्या घालून उभं केलेलं घर त्यात जाऊ शकतं.

दारूचं काय? तिथेही बघा, पहिला घोट मुलांना बहुतेक वेळा दमणला मिळत नाही. तो मिळतो लग्नात. आपल्यातली निम्मी-अधिक घरं धुळे, नंदुरबार, जळगावकडची. मे महिन्यात गावाकडे हळद असते, डीजे लागलेला असतो, मागच्या खळ्यात मामा-काका-दाजी मंडळींची बैठक असते. तिथे चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा बर्फ आणून देतो. कुणीतरी म्हणतं, "ये रे, एक घोट घे, मर्दासारखा!" सगळे हसतात. त्याच पोराला अर्ध्या तासाने सांगितलं जातं, "जरा गाडी काढ आणि चौकातून सोडा घेऊन ये."

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देणारा बारवाला आहे की सख्खा मामा, असा फरक कायदा करत नाही.

आता जरा शरीराविषयी. माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून या वयात धाडस जास्त आणि अंदाज कमी. दारू नेमका तोच भाग आधी ढिला करते. म्हणजे ज्याचा ब्रेक मुळातच कच्चा, त्याचाच ब्रेक काढून घ्यायचा! त्यातून गाडीचा साधा हिशेब करा. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. दारूमुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर जास्त गेली. आठ मीटर म्हणजे रस्ता ओलांडणारी आजी आणि तिच्या पुढची भाजीची लारीसुद्धा.

आपल्या कायद्यात १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. त्यावर गेलं की पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गुजरातेत तर पिण्याचाच वेगळा गुन्हा. मुलांमध्ये एक समज असते, की लिंबू चाटलं, कडक कॉफी घेतली, तोंडावर पाणी मारलं की उतरते. उतरत नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं, एका पेल्याला साधारण एक तास, कधी जास्त. कॉफीने फक्त झोप उडते, नशा तशीच राहते. रात्री दोनला झोपलेला मुलगा सकाळी सातला गाडी काढतो, तेव्हाही ती त्याच्या रक्तात असू शकते.

आणि दारू नसतानाही वेग तेवढाच घातक, हे आपल्या राज्यानेच पाहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर आधीच्या अपघाताला मदत करायला थांबलेल्या लोकांत एका तरुणाची जॅग्वार घुसली. नऊ जण गेले. मदतीला धावून आलेले पोलीसही त्यात होते. तिथे दारूचा विषय नव्हता, प्रश्न वेगाचा होता. म्हणून "माझा मुलगा पीत नाही" एवढ्यावरही किल्ली द्यायची नसते.

माझा भाचा यंदा सतराचा झाला. गुणी मुलगा आहे, उधन्याला राहतो, आयटीआयला जायचं म्हणतो. हा लेख लिहायचा म्हणून मी त्याला सरळ विचारलं, "समजा तू मित्रांबरोबर बाहेर गेलास, गाडी चालवणारा मित्र प्यायला, रात्रीचा एक वाजलाय. काय करशील?"

तो म्हणाला, "मावशी, बसून येईन त्याच्या मागे. दुसरं काय?"

"घरी फोन?"

"पप्पांना? ते आधी मारतील, मग न्यायला येतील. आणि मला न विचारता सगळ्या गल्लीला सांगतील."

मंडळी, त्याचे वडील वाईट नाहीत. मुलावर जीव आहे त्यांचा. पण त्या मुलाच्या मनातला हिशेब बघा. एका बाजूला प्यायलेल्या मित्राच्या मागे वीस किलोमीटर, दुसऱ्या बाजूला घरचा मार आणि बदनामी. त्याला पहिलं सोपं वाटतं. आपल्या गुजरातेत तर ही भीती दुप्पट आहे. नुसतं पिणंच गुन्हा, म्हणजे फोन केला तर घरचे, आणि घरच्यांच्या आधी पोलीस, असं मुलांना वाटतं. म्हणून ती गप्प राहतात आणि महामार्ग ४८ वरून रात्रीच्या ट्रकांमधून गाडी पळवत घरी येतात. आपल्या धाकानेच त्यांना त्या गाडीवर बसवलेलं असतं.

यावरचा उपाय जुना आहे आणि बिनखर्चाचा आहे. १९८१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड गावच्या शाळेत रॉबर्ट अ‍ॅनास्टस या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या अपघाती मृत्यूंनंतर मुलांना घेऊन एक चळवळ सुरू केली. 'स्टुडंट्स अगेन्स्ट ड्रायव्हिंग ड्रंक' हे तिचं नाव. त्यांनी आईबाप आणि मुलांमध्ये एक करारपत्र केलं. मुलाने लिहून द्यायचं की मी किंवा माझा सोबती प्यायलेला असेल तर मी गाडीत बसणार नाही, घरी फोन करेन. आईबापांनी लिहून द्यायचं की कुठूनही, कितीही वाजता फोन आला तरी आम्ही न्यायला येऊ, आणि त्या वेळी एकही प्रश्न विचारणार नाही. बोलणं होईल, पण नंतर.

मी भाच्याला तेच सांगितलं. "पप्पांना भीती वाटत असेल तर मला फोन कर. रात्री तीनला कर. मी येईन, रस्त्यात एक शब्द बोलणार नाही. सकाळी चहा झाल्यावर मात्र बोलेन, आणि पप्पांनाही आपण दोघं मिळून सांगू." तो हसला, म्हणाला, "लिहून दे." मी वहीच्या पानावर लिहून दिलं. मग माझ्या बहिणीला आणि दाजींनाही दाखवलं. दाजी जरा गप्प बसले, मग म्हणाले, "त्यात माझंही नाव घाला."

यावर कुणी म्हणेल, हा तर पिण्याचा परवानाच झाला. नाही हो. सकाळचं बोलणं शिल्लक आहेच, आणि ते सोपं नसतं. पैसे बंद होतील, बाहेर जाणं बंद होईल, ते घर ठरवेल. पण ते सगळं करायला मूल सकाळी घरात असायला हवं ना?

तर त्या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर, आणि तुम्हा सर्वांनाही, असं आहे.

दमणला जायला नाही म्हणा. सतराव्या वर्षी रात्रीच्या प्रवासाला, तेही मित्राने चालवलेल्या गाडीतून, नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मुलगा दोन दिवस रुसेल. रुसू द्या. पण नुसतं नाही म्हणून थांबू नका. डुमसला सगळ्या मित्रांना घेऊन जा, भजी खाऊ घाला, घरी बोलवा. निकालाचा आनंद खराच आहे, तो साजरा व्हायला हवा.

घरातल्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या एका ठिकाणी, मोठ्यांच्या ताब्यात ठेवा. अठरा पूर्ण आणि लायसन्स हातात, त्याआधी किल्ली नाही. ट्यूशनसाठी चार घरांनी मिळून एक रिक्षा लावा, किंवा सायकल द्या.

हळदीच्या रात्री बैठक बसणारच असेल, तर मुलांना तिकडे फिरकू देऊ नका आणि त्यांच्याकडून बर्फ-सोडा आणवू नका. मोठ्यांपैकी जो प्यायला, त्याने त्या रात्री गाडीला हात लावायचा नाही, दोनशे मीटरसुद्धा नाही. पोरं आपलं ऐकत नसतील, पण बघतात सगळं.

मित्रांसमोर मुलाला संकोच वाटू नये म्हणून एक खुणेचं वाक्य ठरवा. "आजीची गोळी कुठे ठेवली?" असा मेसेज आला, की समजायचं, न्यायला जायचं आहे. मग तुम्हीच फोन करून ओरडा, "ताबडतोब घरी ये, मी घ्यायला येतेय!" नाव तुमचं वाईट होईल, मुलाचं नाही.

कुणी मित्र पिऊन बेशुद्ध पडला तर "झोपला की ठीक होईल" म्हणून सोडून जायचं नाही. त्याला कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा, जवळ बसून राहायचं. हे मुलांना आधी सांगून ठेवा.

आणि शेवटचं, सगळ्यात अवघड. देव न करो, पण आपल्या मुलाच्या हातून काही घडलंच, तर थांबायचं, जखमींना उचलायचं, आणि खरं सांगायचं. ओळखीचा साहेब शोधायचा नाही. पुण्याच्या प्रकरणात मुलाला वाचवायला निघाल्याच्या आरोपावरून वडील, आई, आजोबा सगळेच तुरुंगात गेले. तरीही रस्त्यावर गेलेल्या त्या दोन मुलांपैकी कुणी परत आलं नाही.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारचा आकडा आहे. आकडा मोठा असला की मनाला लागत नाही. म्हणून आज रात्री जेवताना एवढंच करा. ताटं वाढून झाली की मुलाला विचारा, "रात्री एक वाजता अडकलास तर कुणाला फोन करशील?" त्याने तुमचं नाव घेतलं तर छान. नाही घेतलं, तर रागावू नका. कुणाचं नाव घेतो ते ऐका, आणि त्या माणसाला उद्याच फोन करा.

तुमच्या घरी काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटू, श्रावणाच्या तयारीविषयी बोलायला. तोवर सगळे जपून या, जपून जा.